व्यवसाय चालवताना शिकायचं कुणाकडून? कोर्स, कोच, मार्गदर्शक की आपल्यासारख्यांचा गट?

घडीव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच.

माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा उद्योग आहे. सहावं वर्ष चालू आहे, हाताखाली नऊ माणसं आहेत. काम मिळतं, मशीन रिकामं राहत नाही. तरी गेलं दीड वर्ष मी एकाच जागी उभी आहे. सगळे घरी गेले की रात्री एकटी कोटेशनं करत बसते, कारण ती दुसऱ्या कुणाला जमायची नाहीत असं माझं ठाम मत आहे. उधारीच्या वसुलीचे फोन मीच करते. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, नीट बसत नसेल तरी हाक मलाच.

शिकायला हवं हे कळत होतं म्हणून शिकलेही. तीन ऑनलाइन कोर्स केले, एक सहा महिन्यांचा वर्ग केला, कार्यशाळा तर किती झाल्या ते आठवत नाही. कपाटात वह्यांची चवड आहे. परवा त्यातली एक उघडली तर 'कामं सोपवणे' या धड्याखाली माझ्याच अक्षरात, लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेल्या ओळी सापडल्या. त्या वाचल्या, वही मिटली आणि पुन्हा कोटेशनं करायला बसले. त्या रात्री फार वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात एका कोचला भेटले. पहिल्याच भेटीत वर्षभराचं पॅकेज समोर ठेवलं, उलाढाल दुप्पट होईल म्हणाले, आणि आज सही केली तरच सवलत. मी सही केली नाही. पण तेव्हापासून वाटतंय, संधी घालवली का?

तुम्ही कुणाकडे काय मागायचं हे कसं ठरवलंत? अनुभव हवेत. कुणाची जाहिरात कृपया नको.

---

हिशेबनीस

घडीवताई, सही केली नाहीत ते उत्तम केलंत. तुमची हिशेबाची वही न पाहता उलाढाल दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला तुमच्या धंद्यातलं काय कळलं असणार?

मी बावीस वर्षं छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहितोय. मदत शोधत येणारा माणूस बहुतेक वेळा "धंदा वाढत नाहीये" एवढंच सांगतो. या वाक्याला उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर नाही अशा वाक्यावर कुणीही काहीही विकू शकतो. म्हणून मी त्यांना समोर कागद देतो आणि अडचण एका वाक्यात लिहायला सांगतो. त्या वाक्यात एक काम आणि एक माणूस असलाच पाहिजे. "कोटेशन मी सोडून कुणी करू शकत नाही" हे असं वाक्य आहे.

तुमच्या लेखात मला तीन गाठी दिसतात आणि तुम्ही त्यांचं एकच गाठोडं केलंय. उधारीचा प्रश्न बराचसा अटींचा आहे. मालाची ऑर्डर घेताना पैसे किती दिवसांत येतील, उशीर झाला तर काय, हे लेखी आहे का? नसेल तर हिशेबनिसाबरोबर आणि वकिलाबरोबर एकेक बैठक पुरते, त्यासाठी वर्षभराचा कोच लागत नाही. डाय बसवणं हे हातचं कौशल्य आहे, मशीनवरच्या माणसाला शिकवता येतं. कोटेशनची गाठ मात्र वेगळी आहे. तिथे तुम्हाला माहिती आहे, येतंही, पण हातातून सुटत नाही. त्यावर आणखी एक कोर्स म्हणजे कपाटात आणखी एक वही.

---

नवखी_वाट

वाचतेय. हिशेबनीस, एका वाक्याची कल्पना लगेच वापरणार आहे.

---

मोजमाप

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहितो. छोट्या उद्योजकांना कोणत्या मदतीने फरक पडतो यावर गेल्या काही वर्षांत चांगले प्रयोग झाले आहेत. औषधाच्या चाचणीसारखे, चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेले.

पहिला केनियातला, नैरोबीच्या डांडोरा भागातला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. छोटा व्यवसाय करणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी काहींना वर्गात बसवून व्यवसायाचं शिक्षण दिलं आणि काहींची गाठ त्याच वस्तीतल्या अनुभवी, यशस्वी व्यावसायिक बाईशी घालून दिली. वर्गाने नफ्यात फरक पडला नाही. मार्गदर्शक मिळालेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. मला यातलं कारण फार महत्त्वाचं वाटतं. माल स्वस्त कुठे मिळतो, कुणाकडून घ्यावा, ही त्या भागातली, त्या घडीची माहिती मार्गदर्शक बाईकडे होती. पाठ्यपुस्तकात ती असूच शकत नाही. आणि भेटी थांबल्या तसा फायदाही हळूहळू विरला.

दुसरा टोगोमधला, २०१७ चा. १५०० छोटे व्यावसायिक, तीन गट. एका गटाला नेहमीचं व्यवसाय-प्रशिक्षण म्हणजे हिशेब, विक्री वगैरे. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याची सवय लावणारं प्रशिक्षण: कुणी सांगायच्या आधी सुरुवात करणं, पुढच्या अडचणी आधी हेरणं, आपटल्यावर दुसरी वाट काढणं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणवाल्यांची वाढ ११ टक्के दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही.

तिसरा चीनमधला, नानचांग शहरातला, तोही २०१८ मध्ये छापला गेला. २८२० कंपन्या. काही मालक-व्यवस्थापकांचे छोटे गट केले आणि त्यांना वर्षभर दर महिन्याला भेटायला लावलं. त्यांची विक्री इतरांपेक्षा ८.१ टक्क्यांनी वाढली. यातली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: गटात थेट स्पर्धक असले की कामाची माहिती कमी पसरली. आणि एकदाच घडवून आणलेल्या भेटींपेक्षा नियमित भेटींतून व्यवसायाचे संबंध जास्त जुळले.

म्हणून घडीव, तुमच्या वह्यांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. वर्गात बसून काही बदललं नाही असं तुमच्यासारख्या कितीतरी जणींचं झालंय.

---

हिशेबनीस

मोजमाप, माहिती मोलाची आहे, पण कोर्सला सरसकट बाद करू नका. माझ्याकडे एका वर्कशॉपवाल्याने फक्त मालाचा उत्पादनखर्च कसा काढायचा एवढाच छोटा कोर्स केला. कोर्सला जाताना स्वतःच्या तीन ऑर्डरींची कागदपत्रं घेऊन गेला. परतल्यावर दोन गिऱ्हाइकांचे भाव त्याने त्याच महिन्यात बदलले. विषय अरुंद असेल आणि उद्याच वापरायचा असेल तर कोर्ससारखं स्वस्त साधन नाही.

---

मोजमाप

मान्य. त्याच्या हातात प्रश्न होता आणि तो उत्तर घ्यायला गेला. आपल्यापैकी बहुतेक जण प्रश्न नसताना जातात.

---

नवखी_वाट

मला एक विचारायचंय. माझा व्यवसाय जेमतेम आठ महिन्यांचा आहे. अनुभवी मार्गदर्शक हवा हे पटलं, पण तो मिळवायचा कसा? अनोळखी मोठ्या माणसाला "माझे मार्गदर्शक व्हाल का" असं विचारायला फार संकोच वाटतो. आणि ते नाही म्हणाले तर?

---

लेथवरचा

नवखी, असं विचारूच नकोस ग. त्या प्रश्नाला कुणीही घाबरेल. आपल्यावर नेमकं काय येऊन पडणार, किती दिवस, हे त्याला कळत नाही. छोटं, ठरावीक काहीतरी माग. "मी दोन पुरवठादारांमध्ये अडकले आहे, तुम्ही या कामात वर्षं काढलीत, वीस मिनिटं देता का?" वीस मिनिटांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. गेलीस की लिहून घे. आणि इथे बहुतेक जण चुकतात: पुढच्या पंधरा दिवसांत त्यांना कळव की तुम्ही सांगितलंत ते केलं, असं असं झालं. फसलं असेल तरी कळव. आपला शब्द वाया गेला नाही हे दिसलं की माणूस पुढच्या वेळी स्वतःहून वेळ काढतो. मार्गदर्शक असाच तयार होतो, नाव कधी द्यावं लागत नाही.

आणि निवृत्त माणसांना विचार. त्यांच्याकडे वेळ असतो आणि सांगायची ओढही असते. अमेरिकेत १९६४ पासून 'स्कोअर' नावाची संस्था याच पायावर उभी आहे, अनुभवी माणसं छोट्या व्यावसायिकांना मोफत सल्ला देतात.

आता घडीवसाठी. बेटा, तुझं ते रात्रीचं कोटेशन वाचून मला माझे दिवस आठवले. मी लेथवर सुटे भाग करतो, एकतीस वर्षं झाली. मला सगळ्यात जास्त मिळालं ते आमच्या गटाकडून. आम्ही सहा जण आहोत, धंदे सहा प्रकारचे, एकमेकांच्या गिऱ्हाइकाला हात घालायचा प्रश्नच येत नाही. महिन्यातून एकदा तीन तास. नियम असे पडले आहेत की एका बैठकीला एकाचाच प्रश्न. तो पहिली दहा मिनिटं बोलतो. त्यानंतर अर्धा तास बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायला पूर्ण बंदी. सुरुवातीला हा नियम पाळणं जिवावर यायचं, प्रत्येकाच्या जिभेवर तोडगा तयार असतो.

एकदा माझी पाळी होती. माझी तक्रार अशी की चांगला कारागीर टिकत नाही. सगळे विचारत गेले. गेलेला शेवटचा कोण? कधी गेला? जाण्याआधीच्या आठवड्यात काय झालं? मग कापडाचा धंदा असलेल्या आमच्या मित्राने विचारलं, "त्याने केलेला भाग तू स्वतः पुन्हा मोजायचास का?" मी म्हणालो, हो, सगळ्यांचेच मोजतो. "त्याच्यासमोर?" मला उत्तर देता येईना. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी मायक्रोमीटर हातात घेतला की तो मान खाली घालायचा. मी ते रोज पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी कुणी सल्ला दिला नाही, गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजायचं काम ज्याचं त्याच्याकडे दिलं.

---

मोजमाप

लेथवरचे काका, तुमच्या गटाने जे केलं त्याला 'ॲक्शन लर्निंग' म्हणतात. रेग रेव्हन्स या इंग्रज माणसाने १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये त्याची सुरुवात केली. बाहेरून तज्ज्ञ आणण्यापेक्षा खाणींच्या व्यवस्थापकांनी एकमेकांच्या खाणी पाहाव्यात, एकमेकांना प्रश्न विचारावेत, असा त्यांचा आग्रह होता. शिकणं म्हणजे आधीचं ज्ञान आणि त्याच्या जोडीला अंतर्मुख करणारे प्रश्न, असं सूत्रच त्यांनी मांडलं होतं.

रीत त्याहून जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन छापखान्यात काम करणारा एकवीस वर्षांचा तरुण होता तेव्हा, १७२७ मध्ये, त्याने फिलाडेल्फियात 'जंटो' नावाचा गट जमवला. सभासद बहुतेक कारागीर आणि छोटे व्यावसायिक. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे आणि ठरलेले प्रश्न एकमेकांना विचारायचे. त्यातला एक प्रश्न होता: अलीकडे कुणाचा धंदा बुडाल्याचं तुमच्या कानावर आलं का, आणि त्याचं कारण काय सांगतात?

---

दुसरा_डाव

तो शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. माझा पहिला व्यवसाय बुडाला. का बुडाला हे कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

इथे सगळे कौशल्याबद्दल, नफ्याबद्दल बोलताहेत, ते बरोबरच आहे. पण घडीव, तुमच्या लेखातलं "त्या रात्री फार वाईट वाटलं" हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. शेवटचे सात-आठ महिने मी दिवसभर कामगारांसमोर हसत होतो आणि पहाटे तीनला छताकडे बघत पडत होतो. घरी सांगितलं नाही, त्यांना धास्ती वाटेल म्हणून. भागीदाराला सांगितलं नाही, तो खचेल म्हणून. मला तेव्हा व्यवसायाचा सल्ला देणारे चौघे होते. झोप लागते का, हे चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. अखेर डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं. ते आठ महिने आधी व्हायला हवं होतं. व्यवसाय कदाचित तरीही बंद पडला असता, पण तो मी शुद्धीत राहून, देणी नीट ठरवून बंद केला असता.

म्हणून माझी कळकळीची विनंती. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, सकाळी कामावर जायच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर कोच आणि मार्गदर्शक नंतर शोधा, आधी डॉक्टरांना भेटा. कोचने ते काम करायचं नसतं.

---

तळटीप

दुसरा_डाव, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मी स्वतः पेशाने कोच आहे, आधीच सांगून टाकते. इथे कुणाला सेवा देण्याचा हेतू नाही. घडीवताईंना आलेला अनुभव ऐकून वाईट वाटलं, आणि कोच पारखायचा कसा एवढंच सांगावंसं वाटलं.

पहिली गोष्ट, बहुतेक देशांत 'कोच' ही पाटी कुणीही लावू शकतो, डॉक्टर-वकिलांसारखा परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचे तास पाहून मानांकन देते. तिच्या तीन पायऱ्यांना अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २५०० तासांचं कोचिंग केलेलं असावं लागतं. मानांकन असलं म्हणजे माणूस तुम्हाला मानवेलच असं नाही, पण विचारायला एक ठोस प्रश्न मिळतो: तुम्ही प्रत्यक्ष किती तास हे काम केलंय?

दुसरं, कोच उत्तरं देत नाही. तुम्हाला कळतंय पण होत नाहीये, अशा जागी त्याचा उपयोग. पुठ्ठ्याचा धंदा माहीत नसलेला कोच तुम्हाला कोटेशन हातातून का सुटत नाही हे शोधायला मदत करेल, पण तुमचं कोटेशन बरोबर आहे का हे त्याला कळणार नाही. ते कळायला त्या धंद्यात मुरलेला माणूस हवा. नेमकं काम करून हवं असेल, समजा हिशेबाची पद्धत बसवून हवी असेल, तर सल्लागार. या तिघांत गल्लत झाली की पैसे जातात आणि माणूस स्वतःलाच नालायक समजू लागतो.

आणि मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: आधीच्या दोन माणसांशी बोला, एक जो माझ्याबरोबर राहिला आणि एक जो मध्येच सोडून गेला. दुसऱ्याचा क्रमांक द्यायला कोच कचरला तर निघून या. आधी तीनच बैठकी ठरवा. तीन बैठकींत तुमच्या रोजच्या कामातली एकही गोष्ट बदलली नाही तर तो कोच तुमच्यासाठी नाही, कदाचित दुसऱ्या कुणासाठी असेल.

---

घडीव

काय बोलू? एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसरा_डाव, झोप लागते मला, काळजी करू नका. पण तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि आमचं त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी बोलणं झालं.

हिशेबनीसांच्या सांगण्याप्रमाणे कागदावर एक वाक्य लिहिलंय. लेथवरचे काका, तुमच्या वीस मिनिटांच्या युक्तीने एका निवृत्त गृहस्थांना विचारलं. पॅकिंगच्या कारखान्यात तीस वर्षं व्यवस्थापक होते. हो म्हणालेत. काय होतं ते कळवते.

---

घडीव

चार महिन्यांनी धागा वर काढतेय, उशिराबद्दल माफ करा.

ते गृहस्थ संध्याकाळी सात वाजता आले. मी म्हटलं, मी कोटेशन करते तेव्हा शेजारी बसा आणि मला बघा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्क्रीनवरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. "ही वेस्टेजची टक्केवारी कुठून आली?" मी म्हटलं, पाच टक्के धरतो आम्ही. "कधीपासून?" पहिल्या वर्षापासून. ते उठले आणि कटिंग मशीनपाशी गेले. खाली पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करून पोत्यात भरले, काट्यावर ठेवले, आणि त्या दिवशी किती शीट वापरली ते रजिस्टरमध्ये बघितलं. साडेआठ टक्के निघाले. मी पाच वर्षं प्रत्येक खोक्यावर साडेतीन टक्के पदरचे घालत होते आणि 'मला सोडून कुणाला कोटेशन जमत नाही' म्हणत होते.

त्यावर मी रडले, खोटं कशाला सांगू. ते शांतपणे म्हणाले, आता हे वजन रोज कोण करणार ते ठरवा.

मशीनवरचा मुलगा करतो. रोज सुट्टीआधी पोतं काट्यावर ठेवून फळ्यावर आकडा लिहितो. आकडा सातच्या खाली आणलाय, त्याने स्वतः डायची मांडणी फिरवून. त्या आकड्यावरून आणि कागदाच्या दरावरून कोटेशनचा तक्ता बनवला, आणि आता नेहमीच्या मापांची कोटेशनं आमची सुपरवायझर करते. नवीन माप असेल तरच माझ्याकडे येतं. पहिल्या आठवड्यात तिने एक चूक केली. मी तोंडावर हात ठेवून बसले, तिने स्वतःच शोधली.

गटही जमलाय, आम्ही पाच जणी. एकीचाही धंदा दुसरीसारखा नाही. दोन बैठकी झाल्या. सल्ला न देण्याचा नियम काकांनी म्हटल्याइतकाच अवघड आहे, पहिल्या बैठकीत तो आम्ही चार वेळा मोडला. पुढची पाळी माझी आणि विषय उधारी. हिशेबनीस, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, आमच्या ऑर्डर फॉर्मवर पैसे कधी द्यायचे याची ओळच नव्हती. आता आहे. पण जुन्या तीन गिऱ्हाइकांना ती दाखवायला माझी जीभ रेटत नाही, तोच प्रश्न घेऊन जाणार आहे.

---

लेथवरचा

शाब्बास बेटा. त्या गृहस्थांना कळवलंस का, आकडा सातच्या खाली आला ते?

---

घडीव

त्याच दिवशी, काका. फळ्याचा फोटो काढून पाठवला. उलट उत्तर आलं, "सहावर कधी?"

---

नवखी_वाट

मीही आज एकांना वीस मिनिटं मागितली. मंगळवारी बोलावलंय.